अर्धवट गेमचे पूर्ण पैसे: अर्ली ॲक्सेस घेताना काय तपासायचं आणि हक्काने काय मागायचं

गेम अजून पूर्ण झालेला नाही, तो आहे तसा विकायला काढायचा आणि खेळणाऱ्यांचं ऐकत पुढचं काम करायचं, ही अर्ली ॲक्सेसची पद्धत. माइनक्राफ्ट २००९ पासून असाच कच्चा विकला जात होता, त्याची पूर्ण आवृत्ती आली नोव्हेंबर २०११ मध्ये. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाने मार्च २०१३ मध्ये अशा गेमसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि मग ही पद्धत सगळीकडे रुळली.

सोलापुरात हे गेम घेणारी बरीच मंडळी जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड भागात रूम करून राहणारी कॉलेजची पोरं आहेत. गड्ड्याच्या यात्रेला घरून मिळालेले पैसे, दिवाळीचे पैसे, मेसमधून वाचवलेले पैसे यातून एखादा गेम घेतला जातो. हजार-बाराशे रुपये ही त्यांच्यासाठी किरकोळ रक्कम नाही. त्यामुळे गेम रखडला की राग येतो, आणि तो राग रास्त आहे की नाही हेच अनेकदा कळत नाही. कधी डेव्हलपरने न दिलेल्या वचनासाठी त्याला शिव्या घातल्या जातात, तर कधी खरोखर फसवणूक झालेली असताना माणूस "आपलंच चुकलं" म्हणून गप्प बसतो.

माझं मत स्पष्ट आहे. अर्ली ॲक्सेसमध्ये तुम्ही आज जेवढा गेम आहे तेवढा विकत घेता. पुढे काय येईल याची हमी त्या किमतीत नसते. पण आज काय आहे आणि पुढचं काम कुठवर आलंय, हे खरं-खरं कळणं हा पैसे भरणाऱ्याचा हक्क आहे आणि त्यात सूट द्यायची नाही.

हा इसार नाही

चादरीच्या कारखानदाराला व्यापारी इसार देतो तेव्हा नमुना, वजन, नग आणि माल द्यायची तारीख ठरलेली असते. तारीख चुकली तर तो जाब विचारतो. अर्ली ॲक्सेसचे पैसे तसे नाहीत. स्टीम प्रत्येक अर्ली ॲक्सेस गेमच्या पानावर निळ्या चौकटीत सांगतं की हा गेम अपूर्ण आहे, पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही, आणि आजच्या अवस्थेत खेळावासा वाटत नसेल तर थांबा. ही चौकट बहुतेक जण न वाचताच खाली सरकतात. खरं तर पैसे भरण्याआधी त्या पानावर वाचण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

किकस्टार्टरसारख्या ठिकाणी पैसे लावणं याहून वेगळं. तिथे गेम बऱ्याचदा सुरूही झालेला नसतो आणि तुम्ही निव्वळ कल्पनेला पैसे देता. किकस्टार्टर स्वतःला दुकान मानत नाही. स्टार सिटिझन या गेमची मोहीम २०१२ मध्ये सुरू झाली, लोकांनी आजवर ७० कोटी डॉलरहून जास्त पैसे दिले आणि गेम अजून अल्फा, म्हणजे कच्च्या, अवस्थेतच आहे. त्यात पैसे घालणाऱ्यांना तो खेळायला मिळतो, अनेक जण त्यात खूशही आहेत. पण "पूर्ण कधी होणार" या एका प्रश्नावर पैसे लावायचे असतील तर असा गेम तुमच्यासाठी नाही.

पहिली पायरी: पानावरची प्रश्नोत्तरं ओळ-ओळ वाचा

स्टीमवर अर्ली ॲक्सेसला गेम लावताना डेव्हलपरला ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात: अर्ली ॲक्सेस का, साधारण किती काळ, पूर्ण गेम आजच्यापेक्षा कसा वेगळा असेल, आज काय-काय चालतं, किंमत बदलणार का, खेळणाऱ्यांना कसं सामील करून घेणार. उत्तरं कशी लिहिली आहेत त्यावरून माणूस ओळखता येतो.

"आज काय चालतं" हे उत्तर आधी वाचा. "सध्या तीन प्रदेश, बारा शत्रू, दोन खेळाडूंपर्यंत को-ऑप (मिळून खेळणं), गोष्ट पहिल्या भागापुरती" असं लिहिलं असेल तर मोजता येतं, खेळून ताडता येतं. "एक भव्य जग तुमची वाट पाहतंय" असं असेल तर काहीच सांगितलेलं नाही. मग "पूर्ण गेम कसा वेगळा असेल" हे वाचा आणि दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी ठेवा. आजचं उत्तर दोन ओळींचं आणि पुढचं वीस ओळींचं असेल तर तुम्हाला भविष्य विकलं जातंय.

"किती काळ" या उत्तरात "साधारण एक वर्ष" असं असेल तर गेम कधी लागला ती तारीख तिथेच बघा. चार वर्षांपूर्वी लागलेल्या गेमच्या पानावर आजही "साधारण एक वर्ष" असेल तर ते पान कुणी सांभाळत नाही. उशीर होणं गुन्हा नाही. डेझी डिसेंबर २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेसला आला आणि पूर्ण झाला डिसेंबर २०१८ मध्ये. प्रोजेक्ट झोम्बॉइड २०१३ पासून स्टीमवर अर्ली ॲक्सेसमध्ये आहे आणि लोक आवडीने खेळतात. पण उशीर झाल्यावर पानावरचं उत्तर बदलायला दोन मिनिटं लागतात, तेवढं मागणं अजिबात जास्त नाही.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. स्टीमच्या मालक कंपनीने, म्हणजे व्हॉल्व्हने, डेव्हलपरांनाही नियम घालून दिले आहेत. भविष्याबद्दल ठाम वचनं देऊ नका, विक्री झालीच नाही तर काम चालू ठेवणं परवडणार नसेल तर अर्ली ॲक्सेसला येऊ नका, असं त्यात आहे. म्हणून "तुम्ही घेतलं तरच आम्ही पूर्ण करू शकू" असं कुणी लिहिलं असेल तर तिथेच हात आखडता घ्या.

दुसरी पायरी: शेवटचा अपडेट कधी आला

गेमच्या पानावर बातम्यांचा विभाग असतो. तिथे मागच्या वर्षभरात काय आलं ते बघा. फक्त "सेल सुरू आहे" आणि "नवीन टी-शर्ट आले" अशा बातम्या असतील तर त्या अपडेट नव्हेत. स्टीमडीबी या साइटवर गेममध्ये खरोखर फाइली कधी बदलल्या याची नोंद दिसते. घोषणा नसली तरी तिथे हालचाल दिसत असेल तर काम चालू आहे. घोषणा भरपूर आणि फाइली वर्षभर तशाच असतील तर सावध व्हा.

२०२५ च्या सुरुवातीपासून स्टीम स्वतःच एक सूचना दाखवतं: वर्षभराहून जास्त काळ अपडेट आला नसेल तर पानावरच तसं लिहून येतं, की डेव्हलपरने दिलेली माहिती आणि वेळापत्रक आता जुनं झालेलं असू शकतं. ही सूचना दिसली की विषय तिथेच संपवा, मग गेम कितीही स्वस्त मिळत असो.

तिसरी पायरी: रिव्ह्यू वाचायची रीत

एकूण टक्केवारी बघू नका, अलीकडचे रिव्ह्यू वेगळे दिसतात ते बघा. सगळे मिळून "अतिशय सकारात्मक" आणि मागच्या महिन्याचे "संमिश्र" असतील तर मधल्या काळात काहीतरी बिघडलंय. प्रत्येक रिव्ह्यूवर लिहिणाऱ्याने किती तास खेळलं हे दिसतं. दहा तास खेळून "आता करण्यासारखं काही उरलं नाही" म्हणणारा माणूस तुम्हाला गेमची आजची लांबी सांगतोय, अंगठा वर असो की खाली. मला असे रिव्ह्यू सगळ्यात उपयोगी वाटतात.

चौथी पायरी: दोन तासांची परीक्षा

स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेमचे पैसे परत मिळतात. अर्ली ॲक्सेस गेमलाही हाच नियम. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातही मर्यादा तेवढीच. जीओजी या तिसऱ्या दुकानात ३० दिवस, खेळलेला असला तरी. एवढी मुदत हातात असताना तिचा नीट उपयोग करायला हवा, आणि इथेच आपल्याकडची पोरं वेळ वाया घालवतात.

आधी डाउनलोड. स्टीमवरून डाउनलोड व्हायला लागलेला वेळ खेळण्यात धरत नाहीत. पण काही गेम उघडल्यावर स्वतःच्या लाँचरमधून आणखी काही जीबी उतरवतात किंवा ग्राफिक्सची तयारी करत दहा-पंधरा मिनिटं बसतात. तो वेळ मात्र धरला जातो. रूमवर वायफाय नसेल आणि मोबाइलच्या डेटावर चालत असेल तर गेम किती जीबीचा आहे, डेटा पुरेल का, हे आधी बघा. रात्री डाउनलोडला लावा आणि सकाळी मोकळा वेळ असेल तेव्हाच पहिल्यांदा उघडा. गेम पॉज करून जेवायला जाऊ नका, घड्याळ चालूच राहतं.

उघडल्यावर आधी सेव्हची परीक्षा घ्या. पाच मिनिटं खेळा, सेव्ह करा, गेम पूर्ण बंद करा, पुन्हा उघडा. जिथे सोडलं तिथून सुरू होतं का? आपल्याकडे उन्हाळ्यात कधी वीज जाईल सांगता येत नाही, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर सेव्ह टिकणं हा चैनीचा मुद्दा नाही. ऑटोसेव्ह किती वेळाने होतो तेही सेटिंगमध्ये बघून ठेवा.

मग गती. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याखालच्या खोलीत लॅपटॉप तापून स्वतःहून मंद होतो. गेम अडखळला की लगेच डेव्हलपरला दोष देऊ नका. नेहमी नीट चालणारा दुसरा एखादा तितकाच जड गेम त्याच खोलीत, त्याच वेळी चालवून बघा. तोही अडखळत असेल तर पंखा आणि उन्हाचा प्रश्न आहे. तो सुरळीत चालत असेल आणि तुमचा लॅपटॉप पानावर लिहिलेल्या किमान गरजेत बसत असेल, तर दोष गेमचा.

उरलेला वेळ सरळ खेळा आणि दीड तासाला थांबा. त्या वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारा, जो कॅफेत शेजारी बसलेला मित्र विचारेल: "काय बे, आत्ता आहे तेवढ्यातच मजा येते का?" उत्तर "पुढे मस्त होईल" असं यायला लागलं तर पैसे परत मागा. स्टीमच्या सपोर्ट पानावर गेम निवडून अर्ज करायचा असतो. मंजूर झाला की पैसे साधारण आठवडाभरात ज्या मार्गाने भरले त्यावर किंवा स्टीम वॉलेटमध्ये येतात. मूळ मार्गावर पाठवता आले नाहीत तर वॉलेटमध्ये जमा होतात. वडिलांच्या खात्यातून पैसे भरले असतील तर ही गोष्ट त्यांना आधीच सांगा, नाहीतर परत आलेले पैसे खात्यात दिसत नाहीत म्हणून घरात विनाकारण वाद होतो.

टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवरून कुणाकडून स्वस्तात की (गेम खात्यात जोडायचा कोड) घेतली असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. बाहेरून घेतलेल्या कीचे पैसे स्टीम परत देत नाही, आणि "शेअर अकाउंट", म्हणजे दुसऱ्याचं खातं वापरायला, घेतलं असेल तर गेम तुमच्या नावावर नसतोच. पूर्ण झालेल्या गेमच्या बाबतीतही हा धोका आहे. अर्ली ॲक्सेसमध्ये तर तो पत्करूच नका.

काय मागणं रास्त आहे

गेम सुरू व्हावा आणि पानावर जे "आज चालतं" म्हणून लिहिलंय ते चालावं. कामाची खबर ठरावीक अंतराने मिळावी. दर आठवड्याला नको, पण दोन-तीन महिन्यांत एकदा "या वेळी नवीन काही देता आलं नाही, हे अडलंय" एवढं तरी. तारीख हुकणार असेल तर ती उलटून जायच्या आत सांगावं. जुने सेव्ह चालणार नसतील, किंमत वाढणार असेल, तर आधी कळवावं. आधी घेतलेल्यांना पूर्ण आवृत्ती पुन्हा पैसे न भरता मिळावी. आणि काम थांबवत असाल तर थांबवलं म्हणून सांगा आणि विक्री बंद करा.

या शेवटच्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त चीड येते. 'कर्बल स्पेस प्रोग्राम २' हा गेम फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० डॉलरला अर्ली ॲक्सेसला आला. मागे टेक-टूसारखी बलाढ्य कंपनी होती. विज्ञानाचा मोठा अपडेट त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला. वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मल्टिप्लेअर हे रोडमॅपवरचं, म्हणजे पुढच्या कामाच्या जाहीर आराखड्यातलं, बाकी काहीच आलं नाही. २०२४ मध्ये बनवणाऱ्या स्टुडिओतल्या लोकांना कामावरून कमी केल्याची बातमी आली, जूनमध्ये शेवटचा अपडेट आला, आणि त्यानंतरही गेम दुकानात विकायला तसाच होता. पैसे संपणं, हिशोब चुकणं मी समजू शकतो. पण काम बंद पडलेल्या गेमवर नव्या माणसाकडून पैसे घेत राहणं कुठल्याच कारणाने समर्थनीय नाही. यातून एक कामाची गोष्टही कळते: मागे मोठी कंपनी आहे म्हणून गेम पूर्ण होतोच असं नाही.

"पूर्ण आवृत्ती" या शिक्क्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 'स्पेसबेस डीएफ-९' हा गेम ऑक्टोबर २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेसला आला आणि वर्षभरात त्याला पूर्ण म्हणून जाहीर केलं, ठरवलेल्या कितीतरी गोष्टी गाळून. स्टुडिओ नावाजलेला होता, पण विक्रीतून खर्च निघत नव्हता.

काय मागणं रास्त नाही

रोडमॅपवरची तारीख म्हणजे करार नव्हे. व्हालहाइम हा गेम फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा बनवणारी मोजून पाच माणसं होती, आणि महिनाभरातच ५० लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्या वर्षासाठी चार मोठे अपडेट ठरवले होते. एकच आला, सप्टेंबरमध्ये. एवढे लोक आल्यावर बग दुरुस्त करण्यातच वेळ गेला, हे त्यांनी उघडपणे सांगितलं, रोडमॅप मागे घेतला आणि काम चालू ठेवलं. मिस्टलँड्स हा मोठा अपडेट डिसेंबर २०२२ मध्ये आला, ॲशलँड्स हा त्यापुढचा २०२४ मध्ये. यात कुणाची फसवणूक झाली असं मला वाटत नाही, कारण पहिल्या दिवशी जो गेम विकला तो त्या दिवशीच खेळण्यासारखा होता.

आपली प्रगती कायम टिकेल ही अपेक्षाही धरू नका. 'बाल्डर्स गेट ३' हा गेम ऑक्टोबर २०२० पासून अर्ली ॲक्सेसमध्ये होता, फक्त पहिल्या अंकापुरता. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम आला तेव्हा जुने सेव्ह चालले नाहीत. हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून तक्रारीला जागा नव्हती. आपण सुचवलेली गोष्ट गेममध्ये येईलच, आपलं आवडतं हत्यार कधी कमजोर होणार नाही, एकटा माणूस बनवत असलेल्या गेममध्ये रोज उत्तर मिळेल, हेही सोडून द्या. आणि बग तर असणारच.

बग सापडला तर तो कळवा, मात्र उपयोग होईल असा. "गेम क्रॅश होतो" एवढ्यावर कुणाला काही करता येत नाही. गेमची आवृत्ती, तुमचं ग्राफिक्स कार्ड, क्रॅशच्या आधी तुम्ही नेमकं काय केलं, तेच पुन्हा केल्यावर पुन्हा होतं का, एवढ्या चार गोष्टी मोडक्या-तोडक्या इंग्रजीत लिहिल्या तरी चालतात.

बिनसलं तर

डेव्हलपर गप्प झाला असेल तर आधी त्याची जुनी पानं जपून ठेवा: प्रश्नोत्तरं, रोडमॅप, जाहिरातीचा व्हिडिओ, तुमची पावती. तारखेसह स्क्रीनशॉट काढा, कारण वाद सुरू झाला की पानं बदलतात. मग स्टीमकडे अर्ज करा, दोन तास उलटून गेले असले तरी. मुदतीबाहेरचा अर्जही ते पाहतात, मंजूर होईलच असं मात्र नाही. 'द डे बिफोर' हा गेम ७ डिसेंबर २०२३ रोजी अर्ली ॲक्सेसला आला आणि चारच दिवसांत स्टुडिओने गाशा गुंडाळला. त्या वेळी कितीही तास खेळलेला असला तरी पैसे परत मिळाले. अर्जात राग न काढता दोन गोष्टी लिहा: पानावर काय लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात काय मिळालं. याच दोन गोष्टी रिव्ह्यूमध्येही लिहा, पुढच्या माणसाचे पैसे वाचतात.

स्टीमने नकार दिला आणि तुम्हाला खरोखर खोटी माहिती देऊन विकलं असेल, तर आपला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा यांच्या व्याख्या त्यात आहेत, आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे माल आणि सेवा विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू होतात. सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करा. त्याला खर्च नाही आणि बऱ्याच तक्रारी तिथेच सुटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनी अमेरिकेतली असली तरी तुम्हाला सोलापूर सोडावं लागत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. परदेशी कंपनीला हजर करणं आणि आदेश वसूल करणं वेळखाऊ असतं, तेव्हा एका गेमच्या किमतीसाठी तिथवर जायचं का हे ज्याचं त्याने ठरवावं. जायचं ठरवलं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा, आणि स्टीमशी झालेला सगळा पत्रव्यवहार छापून सोबत न्या.